दोन दप्तरे, एक विचारणा

ग्राहकांची नावनिशी एका सर्व्हरवर आणि त्यांच्या खरेदीचा तपशील शेकडो मैल दूरच्या दुसऱ्या सर्व्हरवर अशी वाटणी झालेली असताना, अमुक शहरातील ग्राहकांनी काय घेतले असे विचारणाऱ्यास दोन्ही दप्तरे एकत्रच असल्याचा प्रत्यय यावा, ही व्यवस्था संगणकशास्त्रातील अत्यंत सुंदर सिद्धींपैकी एक होय. येथील खरी अडचण शोधाची नसून वाहतुकीची आहे. कारण खरेदीच्या १ कोटी नोंदी, प्रत्येकी १०० बाइटांच्या धरल्या, तर १ अब्ज बाइट होतात, आणि त्यांतल्या कामाच्या कदाचित दोन हजारच असतात. म्हणून १९८१ च्या सुमारास अमेरिकेत ‘एसडीडी-१’ या विखुरलेल्या डेटाबेसवर काम करताना फिलिप बर्नस्टाइन प्रभृतींनी ‘सेमीजॉइन’चा मार्ग शास्त्रशुद्ध रीतीने मांडला : प्रथम त्या शहरातील ग्राहकांचे केवळ क्रमांक पलीकडे धाडावयाचे, तेथे त्यांबरहुकूम नोंदी निवडावयाच्या, आणि निवडलेल्या तेवढ्याच आणवावयाच्या.

आज पोस्टग्रेस या डेटाबेस-प्रणालीत, २०१३ च्या ९.३ या आवृत्तीपासून, दूरच्या सर्व्हरवरील तक्ता ‘फॉरेन टेबल’ म्हणून आपल्याकडे रुजू करता येतो, आणि प्रश्नातील अटी शक्य तेथे पलीकडेच तपासल्या जातात. ‘शक्य तेथे’ हे शब्द मात्र नजरेआड करू नयेत : अटीत आपण स्वतः रचलेले फंक्शन असेल, तर ते पलीकडेही तसेच वागेल याची हमी नसल्याने ती अट सामान्यतः धाडली जात नाही, आणि मग सारे दप्तर तारेवरून अलीकडे वाहून येते. प्रश्नासोबत ‘एक्सप्लेन व्हर्बोस’ मागितल्यास पलीकडे गेलेला मजकूर शब्दशः दिसतो. तो वाचल्यावाचून सर्व्हरच्या मंदगतीला दोष देणे अन्यायाचे ठरेल.