हीटरवरचा आळ

डॅशबोर्डवर इंजिनाचा पिवळा दिवा लागतो. गॅरेजवाला स्कॅनर लावतो, पडद्यावर 'पी ०१३५' उमटतं आणि निदान तिथेच उरकतं: ऑक्सिजन सेन्सर गेला, बदलायला लागेल. नवा सेन्सर काही हजारांना पडतो. तो बसतो, कोड पुसला जातो, गाडी घरी जाते. दोन दिवसांनी दिवा परत लागतो.

असं होतं, कारण कोड नीट वाचलेला नसतो. पी ०१३५ सांगतो एवढंच, की पहिल्या बाजूच्या पहिल्या सेन्सरच्या हीटरच्या सर्किटमध्ये दोष आहे. सर्किट म्हणजे एकटा हीटर नव्हे. बॅटरीकडून येणारा सप्लाय, रिले, फ्यूज, दोन-तीन मीटर वायर, मधले कपलर, हीटर आणि शेवटी ईसीयूमधला (इंजिन चालवणाऱ्या संगणकातला) ट्रान्झिस्टर, इतक्या सगळ्यांची ती साखळी आहे. ती कुठेही तुटली तरी नाव हीटरचंच येतं. नेमकी कुठे तुटली हे नवा पार्ट आणण्याआधी शोधून काढणं, ही ऑटो इलेक्ट्रिशियनची खरी कारागिरी. त्याबद्दल आपल्याकडे फार कमी लिहिलं जातं.

आधी मुळात हा हीटर कशाला, ते बघू. सायलेन्सरच्या पाइपात, मॅनिफोल्डच्या जवळ बसवलेल्या या सेन्सरच्या आत झिर्कोनियाचं सिरॅमिक असतं. त्यात थोडा यिट्रिया मिसळलेला असतो आणि दोन्ही अंगांना प्लॅटिनमचा पातळ थर असतो. एका बाजूला इंजिनाचा धूर, दुसऱ्या बाजूला बाहेरची हवा. दोन्हींकडच्या ऑक्सिजनच्या प्रमाणात जितका फरक, तितका व्होल्टेज. मिश्रणात पेट्रोल जास्त झालं तर ०.८-०.९ व्होल्ट, हवा जास्त झाली तर ०.१ च्या आसपास. एक भाग पेट्रोलला १४.७ भाग हवा या वजनी प्रमाणावर हा आकडा एकदम पलटी खातो. ईसीयू त्याच्याकडे बघत इंजेक्टरचं पेट्रोल सतत कमी-जास्त करत राहतो. कॅटॅलिटिक कन्व्हर्टरला कार्बन मोनॉक्साइड, न जळलेलं इंधन आणि नायट्रोजनची ऑक्साइडं ही तिन्ही एकाच वेळी निस्तरायची असतील, तर मिश्रण या अरुंद पट्ट्यातच राहावं लागतं.

मात्र हे सिरॅमिक थंड असताना कामाचं नसतं. साधारण ३०० अंश सेल्सिअसच्या खाली त्यातून ऑक्सिजनचे आयन हलत नाहीत. ईसीयूला काही ऐकू येत नाही, म्हणून तो ठोकताळ्याने, जरा हात सैल ठेवूनच पेट्रोल सोडतो.

गंमत म्हणजे ही अडचण मोटारीपेक्षा वेगळ्याच यंत्रात पहिल्यांदा सोडवली गेली होती. जर्मन रसायनशास्त्रज्ञ वाल्थर नेर्न्स्ट यांनी १८८९ मध्ये मांडलेल्या समीकरणावर आजचा हा सेन्सर चालतो. पुढे १८९० च्या दशकाच्या अखेरीस त्यांनी एक विजेचा दिवा काढला. त्यातली कांडी झिर्कोनिया आणि यिट्रियाचीच होती. ती उघड्या हवेत झगझगीत पेटायची, पण थंड असताना वीज वाहूच द्यायची नाही. सुरुवातीला तिला काडी लावून तापवावं लागे, नंतर शेजारी प्लॅटिनमची तार गुंडाळून हीटर दिला गेला. १९०० च्या पॅरिस प्रदर्शनात एईजी कंपनीने हे दिवे लावले होते. टंगस्टनच्या बल्बांनी पुढे त्यांचा बाजार संपवला. तेच पदार्थ आणि त्यांचं तेच तापल्यावाचून न चालणं आज आपल्या गाडीखाली आहे, ही गोष्ट मला फार विलक्षण वाटते.

बॉश कंपनीचा लॅम्बडा, म्हणजे ऑक्सिजन, सेन्सर १९७६ मध्ये व्होल्वोच्या अमेरिकेत जाणाऱ्या गाड्यांवर बसला. त्याला एकच वायर होती, हीटर नव्हता. धुराच्या उष्णतेने तो तापे आणि मगच काम करू लागे. १९८२ च्या सुमारास हीटर असलेला सेन्सर आला. धूर हानिकारक असतो तो मुख्यत्वे गाडी थंड असताना, पहिल्या एक-दोन मिनिटांत. सेन्सर जितक्या लवकर जागा होईल, तितकी ती घाण कमी. शिवाय हीटर आल्यावर सेन्सर मॅनिफोल्डपासून लांब, थंड जागीही बसवता येऊ लागला.

आपल्याकडे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर १९९५ मध्ये दिल्ली, मुंबई, कोलकाता आणि चेन्नईतल्या नव्या पेट्रोल मोटारींना सक्तीचा झाला. त्याच सुमारास शिसेविरहित पेट्रोलही आलं, कारण शिसं कन्व्हर्टर आणि सेन्सर दोघांनाही मारतं. पुढे भारत स्टेज ४ या प्रदूषणाच्या नियमांबरोबर गाडीला स्वतःच्या सेन्सरवर लक्ष ठेवायची यंत्रणा बाळगावी लागली. एप्रिल २०२० पासून भारत स्टेज ६ लागू झाल्यावर दुचाकींमध्येही इंजेक्टर आणि ऑक्सिजन सेन्सर शिरले. त्यातल्या काहींचे सेन्सर बिनहीटरचे असतात हे खरं. पण तालुक्याच्या गावातल्या मिस्त्रीलाही आता हे गणित टाळता येत नाही.

हीटर बंद पडल्याची तक्रार गिऱ्हाईक एका ठरावीक वाक्यात सांगतं: "हायवेला काही प्रॉब्लेम नाही, गावात ॲव्हरेज पडतं." एक्स्प्रेसवेवर धूर इतका गरम असतो की सेन्सर हीटरशिवायही तापलेला राहतो. पुण्यातल्या सिग्नलांवर थांबत, रांगत गाडी चालली की धूर निवतो, त्याच्याबरोबर सेन्सर निवतो आणि ईसीयू पुन्हा ठोकताळ्यावर येतो. पीयूसीत हा दोष हमखास सापडेल अशी आशा धरू नये. भारत स्टेज ४ पासूनच्या पेट्रोल मोटारींचा लॅम्बडा (१४.७ च्या तुलनेत हवेचं प्रमाण) ०.९७ ते १.०३ मध्ये आहे का हे तिथे पाहतात, पण ते तापलेल्या इंजिनावर, २५०० फेऱ्यांच्या आसपास. त्या वेळी मेलेल्या हीटरचा सेन्सरही व्यवस्थित बोलतो. कन्व्हर्टरच्या मागच्या, दुसऱ्या सेन्सरचा हीटर गेला (कोड पी ०१४१) तर चालवताना बहुधा काहीच जाणवत नाही. त्याचं मुख्य काम कन्व्हर्टरवर नजर ठेवण्याचं.

आता निदान. चांगला इलेक्ट्रिशियन गाडी वर उचलण्याआधी बाकीचे कोड पाहतो. पुढच्या आणि मागच्या, दोन्ही सेन्सरांच्या हीटरचे कोड एकदमच आले असतील, तर दोन हीटर एकाच दिवशी गेले असं तो मानत नाही. दोघांना मिळून असलेला फ्यूज किंवा रिले तो आधी बघतो. फ्यूज उडालेला सापडला तरी नुसता नवा घालून तो मोकळा होत नाही. फ्यूज का उडाला?

असं एक काम मी जवळून पाहिलं. गाडीला नवा सेन्सर आधीच बसलेला होता आणि कोड कायम होता. इलेक्ट्रिशियनने हीटरचा फ्यूज काढला. उडालेला. नवा घातला, चावी फिरवली, इंजिन सुरू केलं. सगळं ठीक. मग त्याने गाडीखाली हात घालून सेन्सरची वायरिंग हलवली आणि फ्यूज गेला. टॉर्चच्या उजेडात त्याने वायर दाखवली. प्लॅस्टिकची क्लिप पूर्वीच कधीतरी तुटली होती. वायर लोंबून एक्झॉस्टवरच्या पत्र्याच्या संरक्षक कवचाला टेकली होती. कवचाच्या कडेने तिचं आवरण नखाएवढ्या जागी कापलं गेलं होतं आणि आतलं तांबं काळं पडलं होतं. गाडी खड्ड्यात आदळली की तांबं पत्र्याला लागायचं. काढून टाकलेला जुना सेन्सर डिकीत पडला होता. त्याच्या हीटरच्या दोन वायरींना मीटर लावला, तर सहा ओहमच्या आसपास रीडिंग आलं. तो धडधाकट होता.

ओहम मोजणं ही हीटरची पहिली चाचणी. सेन्सर थंड असताना कपलर सोडवायचा आणि सेन्सरच्या बाजूने मोजायचं. चार वायरींच्या बऱ्याच सेन्सरांत एकाच रंगाच्या दोन वायरी, पुष्कळदा पांढऱ्या, हीटरच्या असतात. मीटर अनंत दाखवत असेल तर हीटर तुटला, तिथे वाद नाही. पण आकडा आला म्हणजे तो बरोबरच असं नव्हे. कुठल्या सेन्सरचा दोन-तीन ओहम असतो, कुठल्याचा दहाच्या वर. त्या गाडीच्या मॅन्युअलमधला आकडाच खरा. हीटरची वायर आणि सेन्सरचं धातूचं अंग यांच्यात, तसंच हीटर आणि सिग्नलच्या वायरीत गळती आहे का, हेही बघून घ्यावं. ही तपासणी फार जण करत नाहीत.

मग गाडीकडून येणारा सप्लाय. इथे मीटर फसवतो आणि चांगले-चांगले लोक चकतात. कपलरमधली पिन गंजली आहे, वायरीची एकच तार शिल्लक आहे, अशा ठिकाणीही मीटर छान १२ व्होल्ट दाखवतो, कारण तो स्वतः जवळजवळ करंट घेतच नाही. हीटरला हवे असतात अँपिअर. सहा ओहमचा हीटर १२ व्होल्टवर थंड असताना दोन अँपिअर ओढतो, म्हणजे चोवीस वॅट. म्हणून जाणता माणूस इंडिकेटरचा २१ वॅटचा बल्ब सप्लायची पिन आणि बॉडी यांच्यामध्ये लावतो. बल्ब लख्ख पेटला तर सप्लाय ठीक, मिणमिणला तर वाटेत कुठेतरी अडथळा. हाच बल्ब ईसीयूच्या बाजूच्या वायरीवर मात्र लावू नये. थंड बल्ब पहिल्या क्षणी कितीतरी जास्त करंट ओढतो आणि तिथला ट्रान्झिस्टर त्यासाठी बनवलेला नाही. ती बाजू कपलर जोडलेला ठेवून, मागून पिन टोचून स्कोपवर बघायची असते, कारण बहुतेक ईसीयू हीटरची अर्थ क्षणाक्षणाला जोडत-तोडत त्याचं तापमान सांभाळतो. क्लॅम्प मीटर असेल तर अधिकच उत्तम. गाडी सुरू झाल्यावर करंट आधी चढतो आणि हीटर तापून त्याचा रोध वाढला की उतरतो, हे डोळ्यांनी दिसतं. तसं दिसलं की अख्खी साखळी एका दमात तपासून झाली.

हीटर खरोखर जातो तेव्हा त्यामागे बऱ्याचदा पाणी असतं. इंधन जळताना पाण्याची वाफ होते आणि थंड पाइपात तिचे थेंब बनतात. त्यातला एखादा तापलेल्या सिरॅमिकवर उडाला की कंदिलाच्या गरम काचेवर पाणी पडावं तसा त्याला तडा जातो. म्हणूनच पाइप कोरडा होईपर्यंत ईसीयू हीटरला पूर्ण ताकद देत नाही. रोज दोन किलोमीटरच धावणाऱ्या गाडीचा पाइप पुरता वाळतच नाही. पावसाळ्यात त्यात तुंबलेल्या रस्त्यांचं पाणी आणि वायरी कुरतडणारे उंदीर यांची भर पडते. सेन्सर हातातून फरशीवर पडला तरी आतलं सिरॅमिक फुटू शकतं, वरून काही दिसत नसलं तरी. असा पडलेला सेन्सर परत लावू नये.

बदलायची वेळ आली तर घाई करू नये. तोच रोध असलेला, त्याच गाडीचा सेन्सर घ्यावा. पुण्याच्या नाना पेठेतल्या पार्टच्या दुकानांत चार वायरींचे डझनभर सेन्सर मिळतील, आटा जुळेल, कपलरही जुळेल आणि हीटरचा रोध वेगळा असल्याने कोड येतच राहील. हीटरच्या जागी नुसता रेझिस्टर लावून दिवा विझवणारेही आहेत. ते गिऱ्हाइकाचे पैसे घेऊन दोष गाडीतच ठेवतात. वायर जोडायची झाली तर शिसं-डाग टाळून क्रिम्प करावी. कित्येक सेन्सर बाहेरची हवा वायरींच्या तारांमधल्या फटींतून आत घेतात आणि डागाने त्या बुजतात. कपलरमध्ये ग्रीस किंवा क्लीनरही याच कारणाने मारू नये. नव्या सेन्सरच्या आट्यांना सहसा कंपनीचं वंगण लावलेलंच असतं. ते टोकाला लागू देऊ नये.

काम झाल्यावर कोड पुसून गाडी तिथल्या तिथे देणं बरोबर नाही. हीटरची स्वतःची तपासणी ईसीयू इंजिन थंड असताना सुरू करतो. गाडी रात्रभर उभी ठेवायची, सकाळी स्कॅनर लावून सुरू करायची आणि हीटरच्या तपासणीपुढे 'पूर्ण' असं येईपर्यंत थांबायचं. मगच चावी मालकाच्या हातात द्यायची.