ऊस संकरित, तरी बेणे कसे चालते?



तिवसा गटातील बेणेमळे पाहताना एका सभासदाने आम्हाला बांधावरच गाठले. म्हणाले, "सायेब, संकरित कपाशीची सरकी घरी ठेवली तं दुसऱ्या साली झाडं एकसारखी येत नाहीत. मंग ऊस बी संकरितच हाय, त्याचं बेणं सालोसाल कसं चालते?" प्रश्न बिनतोड आहे. उत्तर सर्वांच्याच कामाचे असल्याने येथे देत आहोत.

संकर दोन प्रकारचा. पहिला एकाच प्रजातीच्या दोन वाणांचा. १९७० साली सुरतेस डॉ. सी. टी. पटेल यांनी काढलेली एच-४ कपाशी अशीच. तिची सरकी पेरली की आईबापांचे गुण वेगवेगळे होऊन झाडे भेसळ येतात.

दुसरा संकर दोन वेगळ्या प्रजातींचा. पेशीत गुणसूत्रांच्या जोड्या असतात. पराग तयार होताना जोडीदार जवळ येतात आणि सारखी वाटणी होते. भिन्न प्रजातींच्या संकरात जोड्याच जुळत नाहीत, म्हणून झाड बहुधा वांझ राहते. खेचराचे तसेच आहे. तरीही निसर्गाने यातून वाट काढली, आणि ती आपल्याच काळ्या जमिनीत उभी आहे.

आपल्या गावरान कपाशीत २६ गुणसूत्रे, तर अमेरिकन कपाशीत ५२. सुमारे १० ते २० लाख वर्षांपूर्वी गावरानच्या भाऊबंदांपैकी एक कपाशी आणि अमेरिकेतील रानकपाशी यांचा संकर झाला व गुणसूत्रे दुप्पट झाली. प्रत्येकाला जोडीदार मिळाला, वांझपण गेले. दोन्ही मूळ कुळांशी मात्र तिचे सहज जुळेना. अशी नवी प्रजाती जन्मली. १९४० साली बीस्ली या शास्त्रज्ञाने आशियाई व अमेरिकन रानकपाशीचा संकर करून, औषधाने गुणसूत्रे दुप्पट करून हेच दाखवून दिले. म्हणून अमेरिकन कपाशीच्या सरळ वाणाचे बी शुद्ध राखले तर पुढे तसेच येते. ती मुळात संकर असली तरी संसाराला लागलेला संकर आहे.

उसाने दुसरी वाट धरली. पुंड्यासारखा जाड, गोड ऊस मूळचा न्यू गिनीकडचा. तो भारतात आला तेव्हा नदीनाल्याकाठच्या कांस गवताशी त्याचा संकर झाला. उत्तरेकडचे जुने बारीक, काटक ऊस त्यातून निघाले. शास्त्रज्ञांनी त्यांना वेगळी प्रजाती मानून नावही दिले. ते टिकले कांडीमुळे. कांडी लावली की तेच झाड पुन्हा उभे राहते. बियांची गरजच नाही.

हीच युक्ती कोइमतूरला डॉ. बार्बर व वेंकटरामन यांनी वापरली. १९१२ साली वेल्लई या जाड उसाचा कांसाशी संकर केला आणि १९१८ साली को. २०५ पंजाबच्या शेतकऱ्यांना मिळाला. पुढे गोडी वाढावी म्हणून असे संकर पुन्हा पुन्हा जाड उसाशी केले गेले. को. ७४० असो वा को. ८६०३२, त्यांच्या अंगी कांसाचा थोडा अंश आहे. काटकपणा व फुटवा त्याचाच. ज्या कांसाला आपण बांधावर शिव्या देतो, तो आपल्या उसाचा आजोबा आहे.

उसाचे बी पेरले तर मात्र प्रत्येक रोप निराळे निघते. संशोधन केंद्रांना नवे वाण त्यातूनच सापडतात. आपल्याला वाण टिकवायचा तर कांडीच हवी.

येथेच सावध राहावे. कांडी गुण जसे इमानाने पुढे नेते, तसेच काणी व गवताळ वाढीचे रोगही नेते. "वाण बिघडला" अशी तक्रार येते, तेव्हा बहुतेक वेळा वाण नव्हे, बेणे बिघडलेले असते. तेव्हा खोडव्याचे बेणे वापरू नये. बेणेमळ्यातील ९ ते ११ महिन्यांचे, उष्ण बाष्पहवा प्रक्रिया केलेल्या मूलभूत बेण्यापासून तयार झालेले बेणे घ्यावे व दर तीन वर्षांनी बदलावे. लागणीपूर्वी शेतकी विभागात नोंद करावी, ही विनंती.

— ऊस विकास अधिकारी