आईच्या हिरड्या, बाळाचे दात

माझे कार्यक्षेत्र बालरोगाचे. तेव्हा गर्भवतीच्या दातांविषयी मी का लिहावे, असा प्रश्न स्त्रीरोगतज्ज्ञ व दंतवैद्यक मित्रांना पडणे स्वाभाविक आहे. दीड-दोन वर्षांचे मूल पुढचे दात किडलेल्या अवस्थेत येते, तेव्हा मी आईलाही तोंड उघडायला सांगतो. पुष्कळदा तिचेही दात किडलेले असतात. ''दुखत होतं, पण पोटुशी असताना दाताला हात लावू नये, असं सासूबाई म्हणाल्या,'' हे उत्तर बेळगावात आणि भोवतालच्या खेड्यांत सारखेच ऐकू येते.

बाळ आईच्या दातांतले कॅल्शियम ओढून घेते, हा समज खरा नाही. आहारातून ते कमी पडले तर आईच्या हाडांतून घेतले जाते, दातांतून नव्हे. दात बिघडण्याची कारणे निराळी. संप्रेरकांमुळे हिरड्या सुजतात, घासताना रक्त येते. उलट्यांतील आम्लाने दातांचे कवच झिजते. उलटीनंतर लगेच ब्रश न करता पेलाभर पाण्यात चमचाभर खाण्याचा सोडा घालून चूळ भरावी आणि अर्ध्या तासाने दात घासावेत.

हिरड्यांचा विकार आणि अपुऱ्या दिवसांची प्रसूती यांचा संबंध १९९६ पासून चर्चेत आहे. परंतु २००६ साली अमेरिकेत ८२३ गर्भवतींवर झालेल्या चाचणीत, हिरड्यांवरील उपचारांनी अकाली प्रसूती टळत नाही, असे दिसले. ते उपचार गर्भारपणात सुरक्षित असतात, हेही त्याच चाचणीने दाखविले. आपण भलते आश्वासन देऊ नये, आणि भयापोटी उपचारही अडवू नयेत.

चौथा ते सहावा महिना सर्वांत सोयीचा. तीव्र वेदना वा पू असल्यास मात्र कोणत्याही महिन्यात थांबू नये. लिग्नोकेनची भूल, पॅरासिटामॉल, अमॉक्सिसिलिन चालतात. टेट्रासायक्लिन टाळावे, तसेच विसाव्या आठवड्यानंतर आयबुप्रोफेनही. दाताच्या एक्स-रेतून गर्भापर्यंत पोचणारे किरण नगण्य असतात. शेवटच्या महिन्यांत खुर्चीवर उजव्या कुशीखाली उशी द्यावी.

आपल्या भागातील मिश्री हा वेगळाच विषय. दात स्वच्छ होतात म्हणून लावली जाणारी मिश्री म्हणजे भाजलेला तंबाखूच. तिच्यातील निकोटिन गर्भापर्यंत पोचते आणि बाळाचे वजन घटवते. ''तंबाखू खाता का?'' या प्रश्नाला ''नाही'' म्हणणारी स्त्री ''मिश्री लावता का?'' म्हटल्यावर मान डोलावते. म्हणून प्रश्न नाव घेऊनच विचारावा.

दुधाचे दात गर्भातच, सहाव्या आठवड्याच्या सुमारास आकारू लागतात. ते उगवल्यावर कीड निर्माण करणारे जंतू बहुधा आईच्या लाळेतूनच येतात. चमचा चाखून भरवणे, घास चावून देणे ही त्यांची नेहमीची वाट. आईचे किडलेले दात वेळीच भरले, तर त्या जंतूंचा भार कमी होतो.

रक्तदाब, हिमोग्लोबिन, वजन आपण न चुकता पाहतो. त्याच तपासणीत गर्भवतीला एकदा तोंड उघडायला सांगावे, एवढीच सहव्यावसायिकांना नम्र विनंती.