आधी पाणी, मग मासा

पाबळ म्हटले की पुणेकरांना मस्तानीची समाधी आठवते. शिरूर तालुक्यातल्या या कोरडवाहू गावाची दुसरी ओळख म्हणजे विज्ञान आश्रम. अन्नतंत्रज्ञ डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी मुंबईतली नोकरी सोडून 1983 मध्ये तो सुरू केला. शाळेत न रमलेल्या मुलामुलींनी वेल्डिंग, शेती, वीजजोडणी करता करता विज्ञान शिकावे, हा त्यांचा आग्रह होता. त्याच आश्रमात अलीकडच्या काळात अ‍ॅक्वापोनिक्सचे प्रयोग झाले. एका टाकीत मासे आणि त्यांच्याच पाण्यावर, मातीशिवाय वाढणारी भाजी, अशी ही पद्धत आहे. जिथे हंडाभर पाण्याची किंमत कळते, तिथेच हा प्रयोग व्हावा हे योग्यच आहे.

माशांच्या विष्ठेतून आणि कल्ल्यांतून अमोनिया बाहेर पडतो. साचला तर तो माशांनाच मारतो. पंपाने हे पाणी खडीच्या वाफ्यात सोडले की खडीवर वस्तीला आलेले जिवाणू अमोनियाचे आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. नायट्रेट म्हणजे भाजीला हवे असलेले नत्र. मुळांनी ते उचलले की निवळलेले पाणी परत टाकीत येते. अमेरिकेच्या व्हर्जिन आयलंड्समध्ये डॉ. जेम्स रॅकोसी यांनी 1980 पासून अनेक वर्षे याचे गणित बसवले. केरळमधल्या चेराई गावात सहकारी बँकेच्या पुढाकाराने ही टाकी घरोघरच्या अंगणात पोचली.

गणित घरच्या मापात असे मांडता येते. एक चौरस मीटर पालेभाजीला माशांचे रोजचे 40 ते 50 ग्रॅम खाद्य पुरते. हजार लिटरच्या टाकीत दहा किलो मासे असतील आणि ते रोज वजनाच्या दीड टक्का खाद्य खात असतील, तर 150 ग्रॅम होतात. म्हणजे साधारण तीन चौरस मीटर पालक, मेथी, कोथिंबीर. टोमॅटो, मिरचीसाठी खाद्य जास्त लागते, म्हणून पहिल्या वर्षी पालेभाजीच बरी. पाणी फिरते राहत असल्याने रोज जेमतेम 1 ते 3 टक्के भर घालावी लागते.

मात्र शिरूर-दौंडच्या पट्ट्यात या गणिताला खोडा घालते ते पाणीच.

इथल्या कित्येक बोअरचे पाणी जड आणि मचूळ आहे. भीमेकाठच्या उसाच्या पट्ट्यात चोपण जमीन पाहिलेल्या शेतकऱ्याला क्षार म्हणजे काय ते सांगावे लागत नाही. अशा पाण्याचा सामू अनेकदा आठच्या पुढे असतो आणि अ‍ॅक्वापोनिक्सला तो सातच्या आसपास हवा. फरक एकाच आकड्याचा, पण सातवरून आठ झाला की त्याच अमोनियातला विषारी अंश सुमारे नऊ-दहा पट होतो. भर उन्हाळ्यात पाणी तापले की आणखी वाढतो. दुसरीकडे मुळांना लोह मिळेनासे होते. कोवळी पाने पिवळी आणि शिरा तेवढ्या हिरव्या दिसू लागल्या की आधी सामू तपासावा, तो चढलेला असू शकतो.

यावरचा सोपा उपाय छपरावर पडतो. दहा चौरस मीटर पत्र्यावर 100 मिलिमीटर पाऊस पडला तर हजार लिटर पाणी होते. हे मऊ पाणी साठवून बोअरच्या पाण्यात मिसळावे. नळाचे पाणी असेल तर क्लोरीन उडून जाण्यासाठी एक-दोन दिवस उघडे ठेवावे. खडी निवडताना लिंबू पिळून पाहावे. बुडबुडे आले तर दगडात चुना आहे, तो सामू चढवत राहील. आपल्याकडची काळ्या पाषाणाची खडी धुऊन वापरली तर ही अडचण येत नाही.

दुसरी काळजी विजेची. वीस वॅटचा पंप दिवसरात्र चालला तरी महिन्याला चौदा-पंधरा युनिट लागतात, बिलाचे भय नाही. भय आहे वीज जाण्याचे. दाट मासे भरलेल्या टाकीत हवा बंद पडली तर काही तासांत मासे वर येऊन तोंड मारू लागतात. म्हणून बॅटरीवर चालणारा हवेचा पंप पहिल्याच दिवशी घ्यावा, आणि मासे कमीच सोडावेत. उन्हाळ्यात टाकीवर शेडनेट हवेच.

मासा कोणता? उजनीच्या फुगवट्यामुळे चिलापी इथल्या ताटात रुळली आहे, भिगवणचा मासळी बाजार त्यावरच गजबजतो. पण चिलापी म्हणजेच तिलापिया पाळण्यासाठी शासनाचे नियम आहेत, परवानगीशिवाय ती टाकीत आणू नये. सायप्रिनस काटक आहे, घरच्या टाकीत निभावतो. पालखी मार्गावरच्या यवत, वरवंडसारख्या गावांत माळकरी घरे पुष्कळ. त्यांनी कोई किंवा गोल्डफिश पाळावेत. मासा खायचा नसला तरी भाजीला काही फरक पडत नाही.

नवखे लोक बहुधा घाईत चुकतात. जिवाणू बसायला चार ते सहा आठवडे लागतात. त्याआधी टाकी भरून मासे सोडले तर ते मरतात आणि पद्धतीलाच दोष लागतो. भाजीवर मावा पडला तर फवारणीचा डबा हातात घेऊ नये, कारण पानावरचे औषध टाकीतच उतरते. कीड हाताने टिपावी, पाण्याच्या फवाऱ्याने झाडावी.

टाकी आणण्याआधी एक बाटली पाणी तपासून घ्या. शिरूरकरांना नारायणगावचे आणि दौंडकरांना बारामतीचे कृषी विज्ञान केंद्र जवळ आहे. सामू आणि क्षार किती आहेत ते कळले, की मत्स्यबीज कधी आणायचे ते ठरवा.