धावपट्टी आहे, वाट कोण दाखविणार?

धाराशिव जिल्ह्यास विमानसेवा हवी, ही मागणी आता नवी राहिलेली नाही. तुळजापूरला दूरदूरच्या प्रांतांतून भाविक येतात, व्यापार वाढावयाचा आहे, अत्यवस्थ रोग्यास प्रसंगी तातडीने मोठ्या शहरी हलवावे लागते. तेव्हा मागणी रास्त आहे, याविषयी दुमत होण्याचे कारण नाही. धाराशिवला धावपट्टीही आहे. २००९ साली लातूर, नांदेड, बारामती व यवतमाळ येथील विमानतळांबरोबर ती दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्याने एका खाजगी कंपनीस देण्यात आली होती. नियमित प्रवासी वाहतूक मात्र तेथे रुजली नाही. हा विषय निघाला की चर्चा धावपट्टीच्या लांबीपाशी येऊन थांबते. पावसाळ्याच्या रात्री, बालाघाटावर ढग टेकलेले असताना, वैमानिकास ती धावपट्टी सापडावी कशी, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. तो आज आम्हांस विचारावयाचा आहे.

या प्रश्नाची किंमत महाराष्ट्राच्या भूमीवर एकदा मोजली गेली आहे. ७ जुलै १९६२ रोजी, मध्यरात्र उलटल्यावर, आलितालिया कंपनीचे जेट विमान बँकॉकहून मुंबईस येत होते. मुंबई जवळ आली अशा समजुतीने वैमानिकाने विमान खाली आणण्यास प्रारंभ केला. प्रत्यक्षात ते मुंबईपासून सुमारे ८४ किलोमीटरांवर, जुन्नरकडच्या डोंगरांवर होते. सुमारे ३,६०० फूट उंचीवर ते डोंगरास धडकले आणि आतील ९४ जणांपैकी एकही वाचला नाही. आपण नेमके कोठे आहोत याविषयीची चूक, आणि ती पडताळण्यास उपलब्ध असलेल्या साधनांचा उपयोग न करणे, ही कारणे चौकशीत पुढे आली.

ही साधने कोणती? जमिनीवरील एक रेडिओ केंद्र दोन संकेत सोडते. त्यांच्यातील फरकावरून विमान त्या केंद्राच्या कोणत्या दिशेस आहे ते कळते. यास व्हीओआर म्हणतात. दुसऱ्या यंत्रणेत विमान जमिनीवरील केंद्रास जणू हाक मारते आणि केंद्र ओ देते. रेडिओलहरींचा वेग ठाऊक असल्यामुळे, उत्तर येण्यास लागलेल्या वेळावरून अंतर निघते. ही डीएमई. दिशा आणि अंतर दोन्ही हाती आली, म्हणजे अंधारातही आपला ठिकाणा कळतो.

प्रत्यक्ष उतरताना आयएलएस ही यंत्रणा उपयोगी पडते. आम्ही एके काळी शाळामास्तर होतो, म्हणून खेळातला दाखला देतो. डोळे बांधलेल्या मुलाच्या एका बाजूस ढोल आणि दुसऱ्या बाजूस ताशा वाजवावा. दोन्ही सारख्याच मोठ्याने ऐकू आले की आपण मधोमध आहोत हे त्यास समजते. धावपट्टीच्या दूरच्या टोकाशी असलेला प्रक्षेपक असेच दोन संकेत पाठवितो, एक ९० हर्ट्झचा व दुसरा १५० हर्ट्झचा. दोन्ही समसमान झाले म्हणजे विमान मध्यरेषेवर आले. धावपट्टीच्या बाजूस बसविलेला दुसरा प्रक्षेपक याच युक्तीने उताराची वाट आखून देतो. हा उतार बहुधा तीन अंशांचा, म्हणजे दर किलोमीटरास सुमारे ५२ मीटरांचा असतो.

तरीही काटा सारे काही करीत नाही. या यंत्रणेच्या प्राथमिक श्रेणीत सर्वसाधारणपणे जमिनीपासून २०० फुटांवर निर्णयाची घटका येते. धावपट्टी वा तिचे दिवे दिसले नाहीत, तर विमान पुन्हा वर न्यावयाचे, हा नियम आहे. आत बसलेल्या प्रवाशाची प्रतिष्ठा, त्याची खोळंबलेली कामे, यांपैकी कशासाठीही हा नियम वाकविता कामा नये. परत फिरलेल्या विमानाबद्दल कुरकुर करणाऱ्या प्रवाशांनीही हे ध्यानात घ्यावे.

लहान गावाच्या विमानतळास ही खर्चाची यंत्रणा झेपणार नाही, असा आक्षेप येईल. तो एके काळी बिनतोड होता. आता इस्रो व विमानतळ प्राधिकरण यांनी उभारलेली ‘गगन’ ही व्यवस्था आहे. जमिनीवरील केंद्रे उपग्रहांच्या संकेतांतील चुका मोजतात आणि दुरुस्ती भूस्थिर उपग्रहांमार्फत विमानापर्यंत पोहोचते. एप्रिल २०२२ मध्ये राजस्थानातील किशनगढ येथे इंडिगोचे एक विमान चाचणीदाखल या साहाय्याने उतरविण्यात आले. त्यासाठी धावपट्टीवर आयएलएसचे प्रक्षेपक लागत नाहीत. मात्र विमानात योग्य ग्राहकयंत्र हवे, परिसरातील डोंगर, मनोरे यांची काटेकोर मोजणी करून मार्ग आखलेला हवा, आणि हवामानाची नोंद घेणारी प्रशिक्षित माणसे हवीत.

तेव्हा धाराशिवकरांनी विमानसेवा अवश्य मागावी. पण त्या मागणीपत्रात धावपट्टीच्या लांबीखालोखाल या तीन गोष्टीही स्पष्ट शब्दांत लिहाव्यात, आणि उद्‌घाटनाची तारीख ठरविण्यापूर्वी त्यांची उत्तरे घ्यावीत, अशी आमची आग्रहाची सूचना आहे.