रंगीत पाट्यांचं क्लोनाकिल्टी

आयर्लंडच्या नैर्ऋत्य किनाऱ्यावर, कॉर्क परगण्यातलं हे गाव. वस्ती सुमारे पाच हजार. 1961 मध्ये इथली रेल्वे बंद झाली.

गावाला रूप आणलं ते 'टायडी टाउन्स'च्या स्वयंसेवकांनी. देशभर 1958 पासून चाललेली ही स्पर्धा नुसत्या झाडलोटीची नव्हे. इमारती, रस्ते, झाडंझुडपं सगळंच त्यात तपासलं जातं. क्लोनाकिल्टीची खासियत दुकानांच्या दर्शनी भागात दिसते: झगझगीत प्लॅस्टिकऐवजी लाकडी फळीवर हाताने रंगवलेली अक्षरं. 1999 मध्ये देशातलं पहिलं बक्षीस इथे आलं.

बंद पडलेली रेल्वेही गावाने वाया जाऊ दिली नाही! 1994 पासून इथे 1940 च्या दशकातल्या परिसराची 1:24 प्रमाणातली प्रतिकृती आहे; गुडघ्याएवढ्या घरांमधून आगगाड्या धावतात.

उत्पादकांना रास्त भाव देणाऱ्या मालाचा पुरस्कार करून 2003 मध्ये हे आयर्लंडचं पहिलं 'फेअरट्रेड' गाव ठरलं. 2017 चा 'ग्रेट टाउन' पुरस्कारही 'अकॅडमी ऑफ अर्बनिझम'ने यालाच दिला.

इंचिडोनीची पुळण गावापासून जवळच आहे. क्लोनाकिल्टीला जायचं असेल, तर कॉर्कहून बस पकडावी. खरी आगगाडी अजूनही नाही.