भुलीच्या वायूची तेहतीस वर्षं

१९८६ साली अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठात चार्ल्स मरी, रॉबर्ट जेनिंग्ज आणि कीथ रायमर यांनी कुत्र्यांच्या हृदयाची एक रोहिणी पाच-पाच मिनिटं अशी चारदा दाबून सोडली आणि मग सलग चाळीस मिनिटं बंद ठेवली. आधीच छळलेल्या या हृदयांचं नुकसान जास्त व्हायला हवं होतं. झालं उलटंच. एरवी जेवढा स्नायू मेला असता, त्याच्या जेमतेम पाव हिस्सा मेला. थोड्या उपासमारीने पेशी मोठ्या दुष्काळाला तयार होत होत्या.

पण माणसाच्या रोहिणीला असा चिमटा लावायचा कोणी?

इथे भूलतज्ज्ञ चिमट्याऐवजी भुलीचा वायू घेऊन पुढे आले. गंमत म्हणजे आयसोफ्लुरेन हा भुलीचा वायू तेव्हा संशयाच्या पिंजऱ्यात होता. तो हृदयाच्या आजारी भागाचं रक्त निरोगी भागाकडे पळवतो, अशी भीती होती. मिलवॉकीच्या वैद्यकीय महाविद्यालयातल्या वॉल्टियर यांच्या गटाने १९८८ मध्ये दाखवलं, की हॅलोथेन आणि आयसोफ्लुरेनच्या अमलाखाली असताना रक्तपुरवठा तुटलेलं हृदय नंतर लवकर सावरतं. १९९७ मध्ये तिथल्याच ज्युडी कर्स्टन आणि सहकाऱ्यांनी पुढचं पाऊल टाकलं. वायू बंद केल्यावर अर्ध्या तासाने रोहिणी दाबली, तरी संरक्षण टिकून होतं! त्यामागे पोटॅशियमची ये-जा सांभाळणाऱ्या काही वाहिन्या होत्या. त्या बंद करणारं ग्लिबेनक्लामाइड, म्हणजे मधुमेहींची ओळखीची गोळी, आधी दिलं की संरक्षण नाहीसं होई.

मग आशेचे दिवस आले. अँटवर्पच्या स्टीफन द हर्ट यांच्या गटाला २००२ मध्ये बायपासच्या रुग्णांत शिरेतून दिलेल्या प्रोपोफॉलपेक्षा सेव्होफ्लुरेन या वायूने हृदयाला कमी इजा झालेली दिसली. हृदयाला इजा झाली की रक्तात वाढणारं ट्रोपोनिन कमी चढलं. झुरिचमध्ये २००८ साली यकृताच्या शस्त्रक्रियेच्या ६४ रुग्णांत यकृताबाबत असाच अनुभव आला. तोवर, २००७ मध्ये, अमेरिकेच्या हृदयरोग संघटनांनी हृदयाला धोका असलेल्या रुग्णांच्या इतर शस्त्रक्रियांतही हे वायू उपयुक्त ठरू शकतात, असं मार्गदर्शनात लिहून टाकलं होतं. घाईच झाली म्हणायची. प्रयोगशाळेतलं जनावर तरुण आणि धडधाकट असतं. बायपासच्या टेबलावर येतो तो बहुधा उतारवयातला, अनेकदा मधुमेही माणूस. शिवाय ट्रोपोनिन कमी होणं म्हणजे आयुष्य वाढणं नव्हे.

आयुष्य खरंच वाढतं का, हा हिशेब बायपासच्या रुग्णांत जिओव्हानी लांडोनी यांच्या नेतृत्वाखाली १३ देशांतल्या ३६ रुग्णालयांनी मांडला. १०,६०० रुग्ण घ्यायचे ठरले होते; पण फरक दिसण्याची शक्यताच उरली नाही म्हणून ५,४०० वर काम थांबवलं. २०१९ मध्ये निकाल आला: वर्षभरात वायूच्या गटात २.८ टक्के, शिरेतल्या औषधाच्या गटात ३ टक्के मृत्यू. म्हणजे फरक नाहीच. बायपाससाठी वायू निवडायला भूलतज्ज्ञाकडे आजही इतर कारणं आहेत. रुग्णाचा जीव वाचतो, हे त्यांतलं एक नाही.